हुस्नबानू लिहायची

हुस्नबानू गेली त्या दिवशी मी माणगावला होतो. सुपारीच्या वाडीतल्या पंपाची मोटर दुरुस्तीला टाकली होती. अकराच्या सुमाराला माझ्या पुतण्याचा, राहीलचा फोन आला. म्हणाला, चाचा, घरी या. मी म्हटलं, अर्ध्या तासात मोटर मिळेल, घेऊनच येतो. तो म्हणाला, मोटर राहू दे. तेव्हा मला कळलं. असरच्या नमाजानंतर तिला कबरस्तानात मिट्टी दिली.

चौथ्या दिवशी तिचा मोबाइल वाजला. अलिबागचे कोणी दत्तात्रेय होते, दिवाळी अंक काढणारे. हुस्नबानूबाईंनी कथा कबूल केली होती, ती कधी पाठवणार, विचारत होते. मी सांगितलं, ती वारली, आणि तुमचा काहीतरी गोंधळ झालाय, आमच्या घरात कोणी कथा लिहीत नाही.  ते म्हणाले, "सहा वर्षं लिहितात त्या आमच्याकडे. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. दुपारी ती माडीवर जायची. मला वाटायचं, झोपते.

तिचं अक्षर चांगलं होतं, एवढं गावाला ठाऊक होतं. मी मस्कतला पाण्याचा टँकर चालवायचो तेव्हा आमच्या मोहल्ल्यातली अर्धी माणसं आखातात होती. त्यांच्या बायका हुस्नबानूकडे येऊन पत्रं लिहून घ्यायच्या, आलेली वाचून घ्यायच्या. पुढे फोन आले आणि ते बंद झालं.

दत्तात्रेयांनी तिचा फोटो आणि चार ओळी कुठेतरी टाकल्या. ते फिरत फिरत गावाच्या ग्रुपवर आलं आणि लोक पुन्हा माझ्याकडे आले. रिक्षावाला काळूराम म्हणाला, भाभी बोलल्या असत्या तर मी माझं आयुष्य सांगितलं असतं, तीन पुस्तकं झाली असती. बाळाजी गुरुजींना जाणून घ्यायचं होतं की शुद्धलेखन कोण तपासायचं. जमातीतले एक बुजुर्ग म्हणाले, बिर्याणी वगैरे कशी करायची, तेच लिहीत असेल ना. राहीलची बायको इनशा तर रुसलीच. चाची रोज माझ्याशी तासभर बोलायच्या, मला एकदा सांगितलं नाही, म्हणजे मला काय समजायच्या, असं ती दोनदा म्हणाली. मला तिचं पटलं.

ती काय लिहायची, हे कोणी विचारलं नाही. मीसुद्धा दत्तात्रेयांना विचारलं नव्हतं.

मग इनशाने एक कथा मिळवली आणि बायकांना पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळीच खैरून आली. तिच्या मागोमाग शेजारची आवडाबाई. दोघींचेही नवरे माझ्याबरोबर आखातात होते.

इथे आमची एक रीत सांगायला हवी. परदेशातल्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही. सुटी दोन वर्षांनी मिळायची, मधे येता यायचं नाही, मग कळवून त्याला तिकडे रडवायचं कशाला. आई गेली, घर पडलं, तरी पत्रात खुशाली. तो घरी आला की सांगायचं. तेव्हा मुंबईहून येताना गाडीत सगळे मस्करी करायचे, मोजा रे, घरी कोण कोण शिल्लक आहे.

खैरून बसलीच नाही. म्हणाली, "माझी पोर गेली ती गोष्ट हाय ती. विश्वासाने सांगितलं होतं भाई, आणि तिने छापून टाकली."

"तुझी कशी?" आवडाबाई म्हणाली. "माझी हाय. पोरगा होता माझा, तिने पोरगी केली लपवायला."

"पोरीला चार दिवस ताप आला, असं लिवलंय."

"मग? तुझ्या नवऱ्याला तीन महिन्यांत कळलं. त्यात तर सतरा महिने लपवलंय..."

एवढं बोलून आवडाबाई थांबली. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि मग दोघींनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

आम्हाला एकच मूल झालं. झोया. मी मस्कतला गेल्यावर जन्मली. मी सुटीवर आलो तेव्हा एसटी स्टँडवर माझ्या भावाने सांगितलं की गेल्या महिन्यात चार दिवस ताप येऊन ती गेली. माझ्या बॅगेत तिचे बूट होते, पावणेदोन वर्षांच्या पोरीचे.

मी खैरूनला विचारलं, सतरा महिने कोणाचे?  उत्तर आवडाबाईने दिलं. "तुम्ही रस्त्यावर गाडी चालवायचात भाई. डोकं ठिकाणावर राहिलं नसतं. तुमच्या भावानेच सांगितलं होतं सगळ्यांना, कळवायचं नाही म्हणून."

भाऊ आता हयात नाही.

मी इनशाकडून फोन मागून घेतला आणि कथा वाचली. त्यातली पोर चार महिन्यांची असताना जाते आणि आई नवऱ्याला लिहीत राहते की तिला दोन दात आले, ती भिंत धरून चालते, कोंबडीला आपा, म्हणजे ताई, म्हणते. ट्रंकेत मला मस्कतला आलेली तिची पत्रं होती. काढून पाहिली. कोंबडीची ओळ तशीच होती, शब्दाला शब्द. मस्कतच्या खोलीत आम्ही सात जण राहायचो. ते पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं होतं आणि सगळे हसले होते. नंतर कितीतरी दिवस जेवताना कोणीतरी विचारायचा, आपा कशी आहे?

दत्तात्रेय सहा वर्षं म्हणतात. ती एकतीस वर्षांपूर्वीपासून लिहीत होती आणि मी वाचत होतो.

भिंत धरून चालणारी पोर मी इतकी वर्षं डोळ्यांसमोर ठेवली. ती नव्हतीच. तिच्यासाठी रडलो ते कोणासाठी, मला सांगता येत नाही. हुस्नबानूवर रागवावं तर ती एकटीने दर पंधरा दिवसांनी ते लिहायला बसत असेल, हे दिसतं. तिने मला का सांगितलं नाही, आणि सांगायचं नव्हतं तर कथा का लिहिली, हे विचारायला ती पाहिजे होती.

जाताना खैरून म्हणाली, वर अजून काही असेल तर जाळून टाका. माडीवर गादीखाली एक वही सापडली. दत्तात्रेयांना कबूल केलेली कथा तीच असावी. पहिल्या पानावर एकच ओळ आहे, उद्या तो येणार. खाली पान कोरं सोडलंय. मागच्या बाजूची अक्षरं उमटलेली दिसतात, म्हणजे पुढे लिहिलेलं आहे.

दत्तात्रेयांचे तीन फोन येऊन गेले. अंक छापायला जायचा आहे. मी उचलले नाहीत. वही जाळलीही नाही. ते पान मी अजून उलटलेलं नाही.