राक्षसांवर चढवलेलं वेष्टन

मी एक वेष्टन बोलतोय. जाड पुस्तकाला वरून घालतात ना, गुळगुळीत कागदाचं, दोन्ही बाजूंनी आत दुमडलेलं, ते. माझ्या पाठीवर सोनेरी अक्षरांत छापलंय, 'प्राचीन व्यापारी मार्ग : एक साक्षेपी अभ्यास, खंड दुसरा'. मला या सोनेरी अक्षरांचीच लाज वाटते. कारण कित्येक वर्षं माझ्या आत व्यापारी मार्ग नव्हतेच. राक्षस होते.

छापखान्यात जन्मलो तेव्हा माझा तोरा काय सांगू! शेजारच्या गठ्ठ्यात विणकामाच्या पुस्तकांची वेष्टनं होती, त्यांच्याशी मी बोललोसुद्धा नाही. मला ज्या ग्रंथावर चढवलं तो चांगला उशीएवढा जाड होता. महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या एका बाईंनी आम्हा दोघांना विकत घेतलं. खंड पहिला त्यांनी घेतलाच नाही, तेव्हाच मी काय ते ओळखायला हवं होतं.

घरी आल्यावर बाईंनी खोलीचं दार लावलं, मला ग्रंथावरून उतरवलं आणि पिशवीतून एक भलतंच पुस्तक काढलं. त्याच्यावर दोन चंद्र आणि आग ओकणारा एक पंखवाला प्राणी होता. मला त्याच्यावर चढवलं, कडा नीट दाबल्या, आणि बिचारा ग्रंथ उघडाबोडका ट्रंकेत गेला. चुकून झालं असेल, असं मी मनाला समजावलं. पण महिनाभरात माझ्या आतून तीन राजवाडे, एक अंतराळयान आणि बोलणारी बेटं जाऊन आली.

बाईंचा दरारा मोठा होता. त्या निवृत्त झाल्या तरी गल्लीतली पोरं त्यांच्या फाटकासमोर सायकलची घंटी वाजवत नसत. अशा बाई व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत बसून चेटकिणी वाचतात हे कुणाला कळलं असतं, तर त्यांना तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणून मी. येणारा-जाणारा माझी पाठ वाचायचा आणि आदराने मान डोलवायचा. मला आत मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एक मात्र खरं, त्यांच्याइतकं मन लावून ती पुस्तकं कुणी वाचली नसतील. वाचता वाचता त्या पुटपुटायच्या, आणि भीडभाड ठेवायच्या नाहीत. "एवढं सैन्य डोंगरात नेलंय, यांना खायला कोण घालतंय?" भाकीत आलं की लेखकाला पुढचं सुचेनासं झालंय असं समजावं, असं त्यांचं मत. इंजिनाला चाळीस पानं देतात आणि यानातल्या माणसाला घरची एकदाही आठवण येत नाही, याचा त्यांना मनापासून राग. मेलेला माणूस तिसऱ्या भागात परत आला की पुस्तक फटकन मिटायच्या. "मेला म्हणजे मेला." माणसांना आणि परग्रहावरच्यांना पहिल्याच भेटीत एकमेकांची भाषा समजली, तेव्हा त्या एकट्याच हसल्या होत्या. म्हणाल्या, "इथे सासू-सुनेला वर्षानुवर्षं समजत नाही."

आणि त्या रडायच्याही. रिकाम्या घरात मालकाची वाट बघत झाडलोट करत राहणाऱ्या एका यंत्रमानवासाठी रडल्या, त्याचा डाग माझ्या दुमडीवर अजून आहे.

मग मुलाचं लग्न झालं, सून आली. नोकरी करून ती लिहायची, आणि लिहायची तेही नेमके राक्षस. तिची पहिली कादंबरी छापून आली तेव्हा तिने पहिली प्रत दोन्ही हातांनी बाईंपुढे धरली. बैठकीत पाहुणे होते, बाईंचे कॉलेजातले जुने सहकारी, सर, तेही होते. बाई म्हणाल्या, "छान. पण असल्या राक्षसांच्या गोष्टी वाचायला मला वेळ नसतो गं." सर हसले. सूनबाईंनी प्रत कपाटात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दुकानातून गुपचूप दुसरी प्रत आणली, आणि मी तिच्यावर चढलो. त्या कादंबरीत एक म्हातारी राणी होती, जिचं राज्य रोज थोडं थोडं दिसेनासं होत होतं. बाईंनी ती एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली, पुढल्या वर्षी परत काढली. सूनबाई चहाचा कप माझ्याशेजारी ठेवायच्या, माझी पाठ बघायच्या आणि विचारायच्या, "अजून खंड दुसराच का, आई?" बाई म्हणायच्या, जड विषय आहे. तिचंच पुस्तक माझ्या पोटात, आणि तिच्यासमोर मी व्यापारी मार्ग! धरणीने पोटात घ्यावं असं वाटायचं.

गेल्या महिन्यात नाश्त्याच्या वेळी सूनबाईंनी सांगितलं की दुसरी कादंबरी, म्हणजे पहिलीचाच पुढचा भाग, त्या अर्ध्यावरच सोडणार आहेत, उद्या प्रकाशकांना तसं कळवतील. घरात सगळ्यांना तो पोरखेळच वाटतो, मग कशाला रक्त आटवायचं? मुलगा म्हणाला, बघ बुवा तुझं तू. बाई साखर विरघळली तरी चहा ढवळत राहिल्या.

त्याच संध्याकाळी सर आले. त्यांना लेखासाठी नेमका खंड दुसरा हवा होता. त्यांनी माझ्याकडे हात केला, तसा बाईंनी माझ्यावर पंजा ठेवला. "वाचतेय अजून." निवृत्त झाल्यापासून वाचताय की हो, असं म्हणून सर हसले, चहा प्यायले आणि रिकाम्या हाताने गेले. माझ्या आत तेव्हा म्हातारी राणी होती.

सूनबाई कप उचलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "द्यायचा होता की त्यांना, आई. ग्रंथ माझ्या खोलीत आहे. कॉम्प्युटरखाली."

स्क्रीन फार खाली येतो, मान दुखते, म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी ट्रंकेतून सापडेल ते जाडसं पुस्तक काढलं होतं. पहिलं पान उघडलं, तिथे माझ्या पाठीवरचंच नाव होतं, आणि सगळा उलगडा झाला. त्या दिवसापासून त्या मला निरखत होत्या. मी कधी जाड असायचो, कधी बारीक, आणि कप ठेवताना आतली ओळखीची पानंही त्यांना दिसायची. बाईंचे कान लालभडक झाले.

"माझं पुस्तक यात कितीदा आलं तेही मला माहीत आहे," सूनबाई म्हणाल्या. "न वाचता नावं ठेवली असतीत तर मी हसून सोडलं असतं. पण तुम्ही वाचलंत आणि गप्प बसलात. म्हणजे किती वाईट असेल, असंच वाटलं मला."

हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मला वाटायचं, मी फक्त बाईंची लाज झाकतोय. त्या पोरीला मी रोज नापास करत होतो. एवढी शरम मला त्या सगळ्या वर्षांत वाटली नव्हती.

मग बाईंनी कधी कुणासमोर केलं नव्हतं ते केलं. मला काढलं. मी टेबलावर उताणा पडलो, आतली पांढरी बाजू वर.

"बस इथे," बाई म्हणाल्या, आणि बोलायला लागल्या. खलनायक उठसूट हसतो. आकाशात दोन चंद्र असलेली माणसं महिना आपल्यासारखाच कशी मोजतील? मधली शंभर पानं सगळे नुसते चालतात. सूनबाईंचा चेहरा उतरत गेला, पण त्या उठल्या नाहीत.

"आणि ती राणी. तिला दोन ओळींत मारलीस तू. भ्यालीस. मी दरवेळी तिथे येऊन थांबते. मला तिच्या उशाशी बसायचं होतं, तू बसूच दिलं नाहीस." बाईंनी पुस्तकावरून हात फिरवला. "इतकं आवडलेलं पुस्तक, पण त्या दिवशी चारचौघांत बोलून बसले. मग कुठल्या तोंडाने सांगायचं?"

सूनबाई डोळे पुसत म्हणाल्या, दुसऱ्या भागात राणीला...

"परत आणू नकोस. मेली म्हणजे मेली."

सूनबाई रडता रडता हसल्या. "नाही आणत. पण तेव्हा तिच्या उशाशी कोण बसलं होतं, ते लिहिते."

प्रकाशकांना काही कळवलं गेलं नाही. मी आता माझ्याच ग्रंथावर आहे, कॉम्प्युटरखाली. इतरांवर चढून चढून सैल झालोय, कडा नीट बसत नाहीत. आम्हा दोघांची धड ओळख नाही. मला व्यापाराचा एकही मार्ग सांगता येत नाही, विचारलंत तर राक्षसांच्या गुहांचे सांगेन. वर रोज रात्री टाइप केल्याचा आवाज येतो.

तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याच्या आत काय आहे हे मी विचारणार नाही. एकदा त्याला उतरवून ठेवा, एवढंच मागणं. कोणीतरी त्याची पाठ रोज वाचत असेल.

इथून व्हरांडा दिसतो. काल बाई मांडीवर सुटी पानं घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, काय वाचताय? बाईंचा हात सवयीने पानांवर मला शोधायला गेला. मी तिथे नव्हतो. त्यांचे कान लाल झाले.

"सुनेची कादंबरी," त्या म्हणाल्या. "राक्षसांची आहे."