झाकणावरचा निळा

फोन आला तेव्हा ट्रक पेंटरच्या आवारात उभा होता आणि त्याची उजवी बाजू रंगवून झाली होती. ड्रायव्हर पुढच्या चाकापाशी चहा पीत बसला होता. त्याचा मोबाइल केबिनमध्ये राहिला होता, म्हणून शेजारणीने पेंटरच्या दुकानात फोन लावला. पेंटर ब्रश हातात घेऊनच बाहेर आला.

"दादा, तुम्ही घरी जा."

"का? रंग संपला?"

रंग खरंच संपला होता. पण ड्रायव्हरची बायको स्वयंपाकघरात कोसळली होती, आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच गेली होती.

रंग तिनेच कालवला होता. अकरा वर्षं ती कापड रंगवायच्या कारखान्यात होती, त्यामुळे डब्यावर छापलेल्या रंगावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. ट्रकचा जुना निळा तर तिला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होता. तिने निळ्यात पांढरा घातला, काडीने काळ्याचे थेंब सोडले, डब्याच्या झाकणावर एक हात मारला आणि झाकण दिवसभर उन्हात ठेवलं. संध्याकाळी वाळला का बघायला अंगठा टेकवला. वाळला नव्हता. अंगठा उमटला. सकाळी पुन्हा बघून ती म्हणाली, हाच. तेवढ्या डब्यात एकच बाजू झाली. गुरुवारी येऊन दुसरा डबा कालवते म्हणाली होती. गेली बुधवारी.

तीन आठवड्यांनी ड्रायव्हर पेंटरकडे गेला. दोघांनी मिळून रंग कालवला, उजव्या बाजूला लावून बघितला आणि जमलं म्हणून एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. मग डावी बाजू रंगवली. दुसऱ्या दिवशी ती वाळली आणि चांगली दोन छटा गडद निघाली. पेंटर बराच वेळ डोकं खाजवत उभा राहिला. वाळल्यावर रंग चढतो, हे तो तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आला होता.

माल भरायच्या जागी हमालांनी लगेच विषय लावून धरला. ट्रकची एक बाजू माहेरची, एक सासरची, असं ठरलं. ड्रायव्हर म्हणाला, माहेरची उजवी. त्यावर कोणी हसलं नाही, कारण त्याचं तोंड हसण्यासारखं नव्हतं.

लेक मात्र मागे लागली. पेंटर बिचारा चूक माझी म्हणून फुकट रंगवून देतोय, तर अख्खा ट्रक एका रंगात करून टाका, असं तिचं म्हणणं. ड्रायव्हर म्हणाला, उजव्या बाजूला हात लावायचा नाही. मग डावी तरी तशीच करा, म्हणत ती त्याला रंगाच्या मोठ्या दुकानात घेऊन गेली. तिथे मशीन नमुना बघून हुबेहूब रंग काढतं. एव्हाना तीन महिन्यांच्या उन्हाने उजवी बाजूही फिकी पडली होती. अस्सल रंग उरला होता तो सीटखाली, झाकणावर.

दुकानदाराने झाकण उजेडात तिरकं धरलं. म्हणाला, मधोमध खड्डे आहेत, मशीनला सपाट लागतं. त्याने पॉलिश पेपर काढला.

"घासू नका," ड्रायव्हर म्हणाला.

"थोडंसंच. रंग तोच राहील."

"बायकोचं आहे."

"झाकण?"

"अंगठा."

दुकानदाराने लेकीकडे बघितलं. लेकीने झाकण त्याच्या हातातून घेतलं, अंगठ्यापाशी जरा थांबली, आणि गरम भांडं असावं तसं दोन्ही हातांनी धरून बापाकडे दिलं. मग काय करायचं, दुकानदाराने विचारलं. बघू, ड्रायव्हर म्हणाला.

परत जाताना लेक डाव्या दाराने चढली.

पेंटर भेटला की अजून विचारतो, गाडी कधी आणताय. ड्रायव्हर म्हणतो, या फेरीनंतर. ट्रक रोज रस्त्यावर असतो, झाकण सीटखाली असतं. डावी बाजू पुन्हा रंगवायची राहिली आहे.