थोरल्याने पसंत केलेलं इंजिन

मी एक म्हातारी होडी. किनाऱ्यावर पालथी पडून बोलतेय, तेव्हा आवाज जरा दबका येईल.

मला दोन भावांच्या बापाने बांधलं, वल्ह्यांनी चालवायला. माझी मागची फळी त्याने मुद्दाम बुटकी ठेवली, जाळं ओढताना कंबर मोडू नये म्हणून. बाप गेल्यावर पोरांनी त्या फळीवर लहानसं इंजिन टांगलं. खोकत-खोकत का होईना, ते आम्हाला रोज घरी आणायचं. शेवटी त्याने मान टाकली.

मग नवं इंजिन घ्यायची वेळ आली. माणसं चप्पल घेताना आपला पाय मापतात आणि इंजिन घेताना शेजाऱ्याचं बघतात. शेजाऱ्याची नवीकोरी, रुंद होडी सगळ्यांच्या आधी धक्क्याला लागायची. थोरल्याने तिच्यासारखंच पंचवीस एचपीचं इंजिन पसंत केलं.

"दादा, आपल्याला आठचं पुरे," धाकटा म्हणाला.

त्याची बायको रोज माझ्यातलं पाणी उपसायची. ती म्हणाली, "मागची फळी मऊ झालीय हो. एवढं वजन पेलायची नाही."

"दुसरी फळी ठोकू वरून," थोरला म्हणाला. "जन्मभर मागेच राहायचं का आपण?"

कुजक्या फळीवर नवी ठोकली, वर डांबर फासलं. इंजिन चढलं तसं माझं बूड खाली बसलं. तोल साधायला पुढे दगडांची पोती रचली. रोग रेड्याला, औषध पखालीला. चाचणी घेतली ती संथ पाण्यात, मासळीशिवाय. मी अशी पळाले की बघे वाहवा करत राहिले.

मग एके दिवशी मासळी भरपूर मिळाली. धाकटा एकटाच होता, थोरला धक्क्यावर गिऱ्हाईक धरून उभा होता. पाणी माझ्या काठाला टेकलं होतं. भरधाव येताना समोर कुणाचं तरी जाळं दिसलं आणि धाकट्याने इंजिन एकदम बंद केलं. मी थांबले, पण माझ्या मागे उठलेली लाट थांबली नाही. ती बुटक्या फळीवरून थेट आत आली. फळी मोडली, इंजिन तळाला गेलं. धाकट्याचा पाय जाळ्यात अडकला होता. मी लाकडाची, मी वर आले. तो आला नाही. माझ्या अंगाखांद्यावर वाढलेलं पोर होतं ते.

इंजिन मात्र पाणबुड्यांनी काढलं. धुऊनपुसून ते पुन्हा सुरू झालं. आज एक माणूस ते विकत घ्यायचं म्हणून बघायला आला.

"इंजिनात काही खोट नाही," थोरला म्हणाला. "होडीच जुनी होती."

धाकट्याची बायको दारातच होती. "जुनी आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, दादा?" तिने विचारलं.

"आमचीही जुनीच आहे," तो माणूस हसत म्हणाला. "ओढेल ना?"

थोरल्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी बोलेल.

"पळेल," तो म्हणाला.

इंजिन हातगाडीवर चढलंय. त्या माणसाच्या घरचं कुणी ऐकत असेल, तर त्याला आजच अडवा.