कलिपा एनेची गोधडी आणि माझं पातं

मित्रांनो, या जगात फाडणारे पुष्कळ आणि जोडणारे थोडे. त्या थोड्यांतली मी एक, जुनी ओव्हरलॉक मशीन. निदान विजारींच्या बाबतीत तरी हे खरं आहे.

बिश्केक शहरातल्या एका तळघरात मी शाळेच्या विजारी शिवायचे. कापड दातांनी पुढे ओढायचं, त्याची कड पात्याने छाटायची आणि छाटल्या कडेवर दोऱ्यांची वीण घालायची, सगळं एका दमात. लोक म्हणत, काय सफाई आहे! सफाई होतीच. पात्याखाली काय आलं, हे मात्र मी कधी विचारलं नाही. कारखाना बंद पडला, तेव्हा तिथली कारागीर मिरगुल मला बसच्या टपावर बांधून कोचकोर गावी, सासरी घेऊन आली.

तिची सासू कलिपा. सगळं घर तिला एने म्हणे. माझ्या पात्याखाली लोंबणाऱ्या चिंध्या पाहून ती म्हणाली, "ही बया शिवते की चरते?"

"शिवते, एने. तुमचं महिन्याचं काम दुपारपर्यंत उरकेल."

"मग उरलेला महिना मी काय करू? तुझं तोंड बघू?"

इकडे पिकलं माणूस गेलं की मातीला आलेल्या बायकांना कापडाची एकेक पट्टी देतात. ती हातानेच फाडायची, कात्री लावायची नाही. पट्टी गोधडीत जोडली की गेलेल्याचं दीर्घायुष्य पांघरणाऱ्याला लाभतं, असं मानतात. कलिपाने अशा पट्ट्या जन्मभर जमवल्या होत्या. त्यांत एक तिच्या आईच्या मातीची होती. पांढरी, जेमतेम बोटभर रुंद. त्या दिवशी गर्दीच इतकी झाली की लेकीच्या वाट्याला तेवढीच उरली. नातीच्या, बेगिमायच्या लग्नात या पट्ट्यांची गोधडी द्यायची, एवढा एकच ध्यास म्हातारीला होता. पण डोळे अधू झाले होते. सुई ओवेपर्यंत चहा गार व्हायचा.

लग्न तोंडावर आलं. एके सकाळी कलिपा शेजारी गेली आणि मिरगुलने गाठोडं सोडलं. सुनेच्या मनात मायाच होती, हे मी शपथेवर सांगेन. फाटलेल्या कडा वाकड्यातिकड्या. विजारी शिवणाऱ्या बाईला ते कसं बघवणार? तिने पट्ट्या एकामागून एक माझ्याखाली सारल्या. मी दोन्ही कडा छाटल्या, उरलेलं शिवणीत घेतलं. गोधडी देखणी झाली.

कलिपा आली. गोधडीवरून बोटं फिरवू लागली. "ही सगिन म्हातारा... ही ती भांडखोर तुर्दुबुबू... आणि आई कुठंय?"

"असेल की तिथंच, एने."

मिरगुलने शोधलं. दोन शिवणींच्या मध्ये पांढरी रेघ तेवढी दिसत होती. दोऱ्यापेक्षा जाड म्हणवणार नाही अशी. छाटलेल्या कडांचा भुसा साठतो तो माझ्याखालचा डबा तिने जमिनीवर उपडा केला. सासू-सून खिडकीपाशी बसून भुसा निवडू लागल्या.

"सगळं पांढरंच आहे, एने."

"हो. तू तरी माझ्या आईला कशी ओळखणार? तू पाहिली कुठं होतीस तिला?"

हा टोमणा होता की माफी, ते मिरगुलला कळलं नाही. ती रडत होती. कलिपाने चिमूटभर भुसा रुमालात बांधला आणि चहा टाकायला सांगितला.

गोधडी बेगिमायबरोबर सासरी गेली. त्यानंतर कलिपाने मला एकदाही नावं ठेवली नाहीत. माझ्याजवळून जाताना ती नुसती बाजूला व्हायची. ते मला फार लागलं.

थंडीत ती गेली. मिरगुलने आलेल्या बायकांसाठी स्वतःच्या हातांनी कापड फाडलं, प्रत्येक पट्टी हातभर रुंद. एक म्हातारी म्हणाली, "अगं सूनबाई, चादरी वाटतेस का?" मिरगुल फाडत राहिली. ठाण संपलं तेव्हा तिने स्वतःची ओढणी फाडायला घेतली.

मी आता कोळशाच्या खोलीत आहे. मित्रांनो, जुनं कापड मशीनखाली घालण्याआधी क्षणभर हातात धरा. ते कुणाचं आहे, हे घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. आणि मशीनही जरा नीट पाहून घ्या. माझं पातं बाजूला सारता येतं, मग कड न छाटताच शिवता येतं. त्याचा खटका समोरच आहे.