बिनकामाच्यांचा बेसवाला

बँडला नाव दिलं ते गुरुराजच्या आत्यानं, सिद्धम्मानं, आणि तेही शिव्या घालताना. "बिनकामाचे मेले!" असं ती दारातून ओरडली, आणि तिघांना ते इतकं आवडलं की दुसऱ्याच दिवशी ड्रमवर पांढऱ्या रंगानं 'बिनकामाचे' लिहून मोकळे. गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. वैजयंती ड्रम बडवायची, प्रदीप गिटार वाजवत गायचा, म्हणजे किंचाळायचाच, आणि गुरुराज बेस गिटार घेऊन कोपऱ्यात उभा. पंक म्हणजे काय, हे सोलापुरात कुणाला ठाऊक होतं? या तिघांना तरी कुठं धड ठाऊक होतं म्हणा. तीन सूर, दीड मिनिटाचं गाणं आणि नळाला पाचव्या दिवशी येणाऱ्या पाण्याचा राग, एवढ्यावर त्यांनी चार वर्षं काढली.

शब्द प्रदीपचे. त्याचे वडील जयंतीच्या मिरवणुकीत गाणी म्हणायचे, त्यामुळं शब्द घरचेच, आणि त्याला त्यांचा लई अभिमान. पण ते शब्द ऐकले कुणी? गल्लीत सराव केला की शेजारी अंगावर यायचे, म्हणून तिघं गुरुराजच्या वडिलांच्या टॉवेलच्या कारखान्यात वाजवायचे. तिथं आठ यंत्रमाग एकदम सुरू झाले की स्वतःचा खोकला स्वतःला ऐकू यायचा नाही. कामगार एकमेकांचे ओठ वाचूनच बोलायचे. सुताच्या कांड्या भरणाऱ्या सुंदरम्मानं ती विद्या या तिघांनाही शिकवली. वैजयंती नुसत्या ओठांनी 'एक, दोन, तीन, चार' म्हणायची, बाकीचे तिच्या तोंडाकडं बघून सुरू करायचे आणि पायाखालची फरशी हादरेल तसा ताल धरायचे. एकूण चार कार्यक्रम झाले. बार्शीच्या कॉलेजात आणि दुधनीच्या गणपतीत धरून चारही ठिकाणी मंडपवाल्याच्या भोंग्यांतून नुसता गोंगाट बाहेर पडला. लोक हसले, काही नाचले, एकानं चप्पल भिरकावली. काय दिवस होते ते!

मग पोटापाण्याचं आलं. प्रदीप होटगीला रेल्वेत लागला. वैजयंती शाळेत गणित शिकवायला लागली. गुरुराजचे वडील गेले, आठ मागांचे चार राहिले, ते तो चालवत बसला.

आणि गेल्या महिन्यात प्रदीपचा फोन. पुण्याच्या कुणा मंडळींना बार्शीचा जुना व्हिडिओ सापडला होता आणि वीस तारखेला त्यांनी 'बिनकामाचे'ना वाजवायला बोलावलं होतं.

"वैजे, गुऱ्या न्हाय म्हणतोय," प्रदीप वैतागला होता. "वेळ न्हाय म्हणं! पुणेवाले म्हणतात, आम्ही बदली बेसवाला देतो. शुक्रवारपर्यंत सांगायचंय. तू जाऊन बघ की जरा."

वैजयंती तणतणतच गेली. वेळ नाही म्हणजे काय? हा काय कलेक्टर लागून गेलाय? रविवारची दुपार, गुरुराज घरी पेपर वाचत पाठमोरा बसलेला, बायको प्रतीक्षा बाहेर गेलेली. तिनं तीनदा हाक मारली. तो ढिम्म. स्वयंपाकघरात कुकरनं शिट्ट्यांवर शिट्ट्या दिल्या, डाळ करपल्याचा वास सुटला, तरी हा पठ्ठ्या हलेना. शेवटी तिनं गॅस बंद केला आणि त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"अगं! कधी आलीस?" तो इतका खूश झाला की तिचा राग अर्धा तिथंच उतरला.

पण मनात पाल चुकचुकलीच. इकडच्या तिकडच्या गप्पा मारता मारता तिनं घाम पुसायच्या निमित्तानं ओढणी तोंडावर धरली आणि विचारलं, "गुऱ्या, तुला ऐकू येत नाही का रे?"

"घेऊ की चहा," गुरुराज हसून म्हणाला.

तिनं ओढणी खाली घेतली आणि तेच पुन्हा विचारलं. या वेळी त्यानं ते वाचलं. हसू गेलं.

"तीन वर्षं झाली," तो म्हणाला. "डाक्टर म्हणाले, मागांचा आवाज. कानातलं मशीन घेतलं, त्यात नुसतं घूं करतं. प्रतीक्षाला माहीत हाय, बाकी कुणाला न्हाय. तुमी त्यांचाच बेसवाला घ्या, वैजे. माझ्यापायी स्टेजवर तुमची फजिती नको."

"गाढवा, तीन वर्षं आम्हाला सांगावंसं वाटलं नाही?" ती रडत रडतच त्याच्यावर ओरडली. ओरडून काय उपयोग होता, पण तिला ओरडल्याशिवाय राहवेना. मग डोळे पुसून ती म्हणाली, "आणि आपण कधी एकमेकांना ऐकून वाजवलं होतं रे?"

 गुरुवारी संध्याकाळी प्रदीप थेट ड्यूटीवरून कारखान्यात आला तेव्हा गुरुराजनं चारही माग सुरू केले होते. प्रदीपला सगळं कळलं होतं. त्यानं गुरुराजच्या पाठीत एक धपाटा घातला आणि गिटारची वायर जोडायला बसला. त्याला जास्त बोलायचं झालं की तो असंच करतो.

वैजयंतीनं ओठांनी चार आकडे मोजले आणि सुरू झाले. पाण्याचं गाणं. कानांवर नुसता खडखडाट, पण फरशी हादरत होती आणि गुरुराजची बोटं तिच्या काठीबरोबर बरोब्बर पडत होती. दुसऱ्या खेपेला त्यानं डोळे मिटले. त्याचे ओठ हलत होते. पूर्वीही हलायचे, दोघांना वाटायचं, हा मात्रा मोजतोय.

तेवढ्यात चहाची वेळ झाली म्हणून सुंदरम्मानं मागांचा खटका पाडला.

माग थांबले. मागांकडं पाठ, डोळे मिटलेले, त्यामुळं गुरुराजला पत्ताच नाही. आणि वैजयंतीनं जन्मात पहिल्यांदा त्याला नीट ऐकलं. बेस तर स्वच्छ वाजत होताच, पण गुरुराज गात होता. मोठ्यानं, फाटक्या आवाजात, घरच्या तेलुगूत. सूर कुठल्या कुठं होता, पण असं जीव तोडून गाणं प्रदीपला चार वर्षांत एकदाही जमलं नव्हतं.

प्रदीपची गिटार थांबली. वैजयंतीनं डोळे वटारून ओठांनीच त्याला दटावलं, "वाजव!" आणि स्वतः ड्रम आणखी जोरात बडवत राहिली.

"रविवारी एकटाच म्हणतो की हे," सुंदरम्मा तिच्या कानाशी येऊन म्हणाली. "दोघं गेले कामाला, मी हितं जागा धरून बसलोय. ड्रम पुसून ठेवलाय. या रे, लवकर या. असा अर्थ हाय त्याचा."

वैजयंतीला समोरचं दिसेनासं झालं, पण तिनं हात थांबवला नाही. त्याचं म्हणून झालं तेव्हाच ती थांबली.

गुरुराजनं डोळे उघडले, मागं वळून पाहिलं. बंद माग बघून त्याचा चेहरा पार पडला. "ऐकलं का तुमी?" तो पुटपुटला.

प्रदीपनं नाक पुसलं आणि खिशातून फोन काढला. पुण्याचा नंबर लावला आणि गुरुराजला आपले ओठ नीट दिसतील असा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"हॅलो, प्रदीप बोलतोय, सोलापूर. तुमचा बेसवाला नको, आमचा हाय. आन एक लिहून घ्या, गाणारा बी तोच."