निक साहेबांची नक्कल

मी भिवा. आखातात, मुसफ्फातल्या पाइपच्या वर्कशॉपात फिटर आहे, पण आम्हा कामगारांच्या कॅम्पात मला सगळे नकल्या म्हणूनच ओळखतात. फोरमन असो नाहीतर आमच्या बसचा ड्रायव्हर हमीद, आवाज एकदा ऐकला की माझ्या घशात बसलाच म्हणून समजा.

आमच्याकडे वेल्डिंग तपासायला निक साहेब आले. अमेरिकेतल्या अलास्काचे, तिथल्या कोडियाक बेटावरचे. दुपारच्या सुट्टीत हा बाबा केबिनमध्ये हेडफोन लावून एकटाच तोंड वेडंवाकडं करत बसायचा. घशाच्या पार तळातून खाकरल्यासारखा 'क', आणि मग जीभ 'ल'च्या जागी टेकवून बाजूनं नुसता वारा. "अरे, काटा अडकलाय याच्या घशात!" म्हणत मी सगळ्यांसमोर नक्कल करून दाखवली. पोरं जेवता जेवता लोळली. हमीदनं रेकॉर्ड करून वर्कशॉपच्या ग्रुपवर टाकलं. मला काय, मजाच वाटली.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर फोन, आणि फोनवर मीच! खलास, म्हटलं, आता व्हिसा कॅन्सल. गावी बायकोला, कावेरीला, काय तोंड दाखवू?

"हा आवाज तुझा?"

"हो सर."

"कसा काढलास?"

मला वाटलं टोमणा मारतायत. पण ते आखातात शिकलेल्या मोडक्या हिंदीत नीट सांगायला लागले. ही अलुटिक, त्यांच्या लोकांची भाषा. शाळेत ती बोलली म्हणून त्यांच्या आजीनं मार खाल्ला, आणि मग आजीनं ती आईला शिकवलीच नाही. आता घरात बोलणारी आईची एक मावशीच उरलीय, एक्क्याऐंशी वर्षांची. तिच्याशी बोलता यावं म्हणून साहेब दोन वर्षं हे आवाज घोटतायत आणि जमत नाहीत. माझी क्लिप त्यांनी मावशीला पाठवली होती. ती म्हणाली, हा कोण? याला बरोबर जमलंय.

"मागे लोक का हसतायत?" साहेबांनी विचारलं.

"खूश होते सर. तुमची भाषा आवडली त्यांना."

बोललो आणि माझी मलाच शिसारी आली. मी इथे नवा होतो तेव्हा माझी गावची बोली ऐकून ऑफिसातला परेश असाच खिदळायचा. तेव्हापासून मी ती फोनवर बायकोशी बोलायची तेवढीच ठेवली. कसं लागतं ते मला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं.

"नाही सर. चेष्टा करत होतो. तुमची. मीच."

साहेबांनी फोन पालथा ठेवला. "माहीत आहे," म्हणाले. "मावशीलाही कळलं. तिला लहानपणी सगळे असंच हसायचे. ती म्हणाली, हसणारा असला तरी त्याच्याकडून शिकून घे, माझ्याकडे फार दिवस नाहीत."

लाज म्हणजे काय ते मला त्या खुर्चीत कळलं. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो हो!

साहेबांनी हेडफोन बाजूला ठेवले आणि खुर्ची माझ्यासमोर ओढली. "यल्ला, चल, दाखव. जीभ कुठे लावतोस?"

त्यांच्याकडे बघवेना. त्यांच्या बुटांकडे बघत मी जीभ टेकवली आणि वारा सोडला. साहेबांनी केला, चुकला. मी पुन्हा केला. खिडकीबाहेर हमीद हसत उभा होता, मोबाइल वर धरून, पुन्हा रेकॉर्ड करत.