टेपवरचं उद्धट गिऱ्हाईक

डॉक्टर व्हर्नन पिकेट चाळीस वर्षं ओहायोत लोकांच्या दाढा उपटत होता. निवृत्त झाल्यावर तो न्यू ऑर्लिन्सला आला, आमच्या वॉर्डात घर घेतलं, डोक्यावर गवताची टोपी घातली, आणि सहा महिन्यांत जुना जॅझ कसा ऐकावा हे मला शिकवू लागला. मला, म्हणजे साठ वर्षं बँजो वाजवणाऱ्या नूमाला! अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, पण हा गृहस्थ हळकुंडाच्या नुसत्या वासाने पिवळा झाला होता.

तरी टेपा त्याला मीच दिल्या. अर्सेनोच्या रेस्टॉरंटमधल्या रविवार दुपारच्या बैठकींच्या छत्तीस टेपा माझ्याकडे होत्या, पुरातून कशाबशा वाचलेल्या. "मिस्टर नूमा, हा ठेवा जगाला वाटला पाहिजे," पिकेट म्हणाला. "मी साफसूफ करून इंटरनेटवर टाकतो." म्हटलं, टाक बाबा. माझ्या मागे त्या उकिरड्यावरच जायच्या होत्या.

जग म्हणजे कोण, तर पिकेटसारखेच दोनेकशे म्हातारे. एक स्टॉकहोमचा, एक ओसाकाचा, बाकीचे कुठले कुठले. टेप आली रे आली की ट्रॉम्बोनवर कोण होतं यावरून त्यांची हमरीतुमरी सुरू. आमच्या वॉर्डात ज्यांनी कधी पाऊल टाकलं नाही, ते आमच्या माणसांना श्वासावरून ओळखत होते. तिसऱ्या फेरीत ट्रम्पेटवाल्याची दाढ दुखत असावी, असंही एकाने लिहिलं होतं. तो अर्थात पिकेटच.

मग त्याने सत्त्याहत्तर सालच्या मार्चमधली टेप टाकली आणि या सगळ्यांच्या अंगात आलं. तिच्यात क्लॅरिनेटचा एक लांबलचक तुकडा आहे. 'थिओफिल रुसेव्हचं आयुष्यातलं सर्वोत्तम वादन,' असं पिकेटने वर लिहिलं. खाली स्टॉकहोमवाला लिहितो, 'असा सूर सातव्या वॉर्डात वाढलेल्या पुरुषाच्याच छातीतून निघू शकतो.' आणि सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात, पिकेटची टीप: 'खरखर, ताटल्यांचा आवाज आणि एका उद्धट गिऱ्हाइकाचं ओरडणं काढून टाकलं आहे.'

सातव्या वॉर्डातला तो पुरुष म्हणजे माझी धाकटी बहीण, ओडील. आणि ते उद्धट गिऱ्हाईक म्हणजे खुद्द थिओफिल रुसेव्ह.

झालं होतं असं. अर्सेनोकडे बँड मागच्या खोलीत बसायचा, स्वयंपाकघराला चिकटून, कारण पुढच्या दालनातलं एकही टेबल अडवलेलं मालकिणीला, मिस उर्सुलला, खपत नसे. पुढच्यांना आम्ही फक्त ऐकू यायचो, दिसायचो नाही. म्हणून कुणी एकट्याने वाजवलं की आमचा म्होरक्या, ट्रम्पेटवाला प्रॉस्पर, त्याचं नाव खच्चून पुकारायचा. पुढे टाळ्या पडायच्या आणि नाव ऐकून मिस उर्सुल स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची गंबोची वाटी पुढे सरकवायची. दाट रश्शात भेंडी, खेकडा, वर भाताचा गोळा. ज्याचं नाव, त्याची वाटी. नाव नाही, तर वाटी नाही. मोठमोठ्या वादकांनी त्या खिडकीशी ताटकळलेलं मी पाहिलं आहे.

त्या रविवारी थिओफिलचे पाय सुजले होते. तो खिडकीजवळ खुर्ची टाकून बसला आणि आपली क्लॅरिनेट त्याने ओडीलच्या हातात दिली. ओडील तेव्हा शाळेत पोरांना बँड शिकवायची. तिने अशी वाजवली की मी दोनदा ताल चुकलो. तुकडा संपला आणि प्रॉस्परने नाव पुकारलं: "थिओफिल रुसेव्ह!" पुढच्या दालनात छप्पर उडेल अशा टाळ्या पडल्या. थिओफिलने वाटी घेतली आणि ओरपली. ओडीलने क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवली आणि ती घरी गेली.

त्यानंतर ती प्रॉस्परशी कधी बोलली नाही. तो गेला तेव्हा अख्खा वॉर्ड बँडमागून नाचत त्याला पोचवायला गेला. आमच्याकडे वैरीसुद्धा असल्या यात्रेला जातो. ओडील घरी राजमा निवडत बसली होती.

आताही ती माझ्या स्वयंपाकघरात राजमाच निवडत होती. फोनवर पिकेटची टेप वाजत होती.

"ही मी आहे," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला."

"तुला ठाऊक असून काय उपयोग? त्या स्टॉकहोमच्या शहाण्याला सांग. म्हणे पुरुषाची छाती!" तिने एक खडा वेचून टाकला. "उर्सुलची नात येत्या रविवारी भिंतीवर पितळी पाटी लावतेय, थिओफिलच्या नावाची. तुझा दातवाला भाषण करणारे आणि ही टेप वाजवणारे."

"माझा कुठला तो?"

"टेपा कुणी दिल्या? ऐक, नूमा. प्रॉस्परने एकदा माझं नाव गिळलं, तेवढं बास झालं. आता भिंतीनेही गिळायचं? न साफ केलेली टेप आण. त्यात थिओफिल असणार. मी जीव खाऊन वाजवतेय आणि तो मेला गंबोसाठी बोंबलतोय, अजून कानात आहे माझ्या. एकच माणूस वाजवेल आणि बोंबलेल कसा?"

तिचं म्हणणं बिनतोड होतं. मला मात्र भलतंच आठवलं: टेपरेकॉर्डर कुठे असायचा ते. भिंतीतला प्लग एकच होता, खिडकीखाली, माझ्या खुर्चीला लागून.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पिकेटकडे गेलो. त्याने कॉफी दिली. कॉफी कसली, कोमट पाणी.

"क्लॅरिनेटवर ओडील आहे," मी म्हणालो.

तो हसला. लहान मुलाला दाढ काढताना दुखणार नाही असं सांगताना हसत असेल, तसा. "मिस्टर नूमा, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण कान खोटं बोलत नाही हो. हा थिओफिलचाच सूर आहे. तेविसांपैकी तेवीस जाणकारांचं एकमत आहे."

"वाद्य थिओफिलचं होतं, म्हणून सूर त्याचा वाटतो. तुमचे तेवीस जाणकार घाला चुलीत. मूळ टेप लावा."

त्याने लावली. खरखर, ताटल्या, आणि मग ओडीलची क्लॅरिनेट. साफ न केलेल्या टेपवर ती कितीतरी जास्त जिवंत वाटत होती. खोलीतली हवासुद्धा ऐकू येत होती. ती वरच्या सुराला पोचली आणि ऐन तिथे माझ्या कानाशी थिओफिल गरजला, "उर्सुल! अगं ए बाई! रुसेव्हच्या पोराला उपाशी मारतेस का? भात जास्त घाल!"

पिकेटचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ज्याच्या श्वासावर त्याने तीन पानं लिहिली होती, त्यालाच त्याने उद्धट म्हणून हाकलून दिलं होतं! मी मांडीवर थाप मारून हसलो. फार दिवसांनी इतका हसलो.

टेप चालूच होती. क्लॅरिनेट थांबली आणि एक दबका आवाज आला, अगदी जवळून.

"प्रॉस्पर, ओडीलचं नाव नको घेऊस. थिओफिलचं घे. लोक त्याच्यासाठी आलेत. उद्या सगळा वॉर्ड म्हणेल, नूमाला जमेना म्हणून बहिणीला आणून बसवलं."

मग प्रॉस्परचा नाखूश आवाज: "बरं, नूमा." आणि मोठ्याने, "थिओफिल रुसेव्ह!"

मी विसरलो होतो असं म्हटलं तर ते खोटं होईल. विसरलो नव्हतो. टेपवर आलं असेल हे आदल्या दिवसापर्यंत डोक्यात आलं नव्हतं, इतकंच. सहा वर्षं मी त्या खोलीत बँजो वाजवत होतो आणि पुढच्या दालनाने मला कधी तशी टाळी दिली नव्हती. जळलो होतो मी तिच्यावर, दुसरं काही नाही.

पिकेट खाकरला. "हा एवढा भाग मी काढून टाकू शकतो. थिओफिलचं ओरडणं राहील, मिस ओडीलचं काम होईल. तुमचं ते... म्हणजे, संगीताच्या दृष्टीने तो नुसता आवाजच आहे."

"काढा," मी म्हणालो.

त्याने दोन बटणं दाबली आणि पुन्हा लावलं. थिओफिल ओरडला, क्लॅरिनेट थांबली, आणि प्रॉस्पर एकटाच, मोठ्याने: "थिओफिल रुसेव्ह!" मी कुठेच नव्हतो. किती स्वच्छ! सत्तेचाळीस वर्षं ओडीलने ज्या माणसाला शिव्या घातल्या, तो आता दोनशे म्हाताऱ्यांच्या शिव्या खायला एकटाच उभा होता. मेलेला माणूस काय बोलणार? पिकेटने टेपेतून थिओफिलला हाकललं ते अडाणीपणाने. मी प्रॉस्परला लटकवत होतो ते चांगलं समजून उमजून.

"परत घाला," मी म्हणालो.

"काय?"

"माझं बोलणं. होतं तसं परत घाला. आणि रविवारी तीच टेप लावायची. तुमचं भाषण करू नका, कुणाचं काही अडणार नाही."

रविवारी मागची खोली भरली होती. उर्सुलची नात डेनीस पाटी कपड्याने झाकून उभी होती. ओडील निळी टोपी घालून पहिल्या रांगेत बसली होती, मी तिच्या शेजारी. घरी तिला सांगायला माझी जीभ रेटली नव्हती. म्हातारपणी शूर होण्याची एवढीच माझी ऐपत.

थिओफिल गंबोसाठी ओरडला तेव्हा सगळी खोली फुटली. "अरे, हा तर थिओफिल! मग वाजवतंय कोण?" मागून कुणीतरी विचारलं. ओडील ताठ बसली. मग माझा आवाज आला, दबका, स्पष्ट, एकेक शब्द. मग "बरं, नूमा." ओडीलने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी उठलो आणि खिडकीकडे तोंड करून, छातीत होता तेवढा दम लावून पुकारलं, "क्लॅरिनेटवर, मिस ओडील!"

टाळ्या पडल्या, पुढच्या दालनातूनही. डेनीसने पाटी कपड्यासकट काखेत मारली, आत गेली आणि वाफाळती वाटी आणून ओडीलपुढे ठेवली.

ओडीलने वाटीकडे पाहिलं आणि एका बोटाने ती माझ्यापुढे सरकवली.

"तुझी आहे."

"ओडील, अगं..."

"ऐकलंस ना? 'बरं, नूमा.' त्या दिवशी प्रॉस्परने आधी नाव घेतलं ते तुझं. ज्याचं नाव, त्याची वाटी." तिने पर्स काखेला लावली. "डेनीस, बेबी, मला जरा गाडीने सोडतेस?"

"घरी ना, मिस ओडील?"

"कब्रस्तानात. प्रॉस्परच्या यात्रेला जायचं राहिलंय माझं."

दारात ती थांबली. "खा, नूमा. गार होईल."

सगळी खोली माझ्याकडे बघत होती, आणि पिकेटच्या यंत्रावरचा लाल दिवा अजून चालू होता. मी खाल्लं. अर्सेनोकडे वाटीत काही टाकायची पद्धत नाही.